फेरी आणि पार : प्रस्तावना

वेळणेश्वराहून जयगडला जायचं तर जवळची वाट खाडीवरून आहे. हेदवी मागे टाकून तवसाळच्या धक्क्यावर यायचं आणि शास्त्री नदीच्या मुखावर फेरीबोटीत बसून पलीकडे उतरायचं. त्या धक्क्यावर एकदा मी पोचले तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. शेजारी टोपली टेकवून बसलेल्या आजींनी तिकिटं फाडणाऱ्या मुलाला विचारलं, ‘‘पुढची फेरी कधी रे?’’ पाठोपाठ गाडीतून उतरलेल्या एका पाहुण्याने विचारलं, ‘‘फेरी कुठे लागते?’’ मुलाने दोघांना उत्तर दिलं, दोघांचंही समाधान झालं. माझं मात्र मन तिथेच अडकलं.

आजींची फेरी आपल्या फिरण्यातली. फेर, फेरा, फेरीवाला, प्रभातफेरी ही तिची भावंडं. बोटीने मारलेली एक खेप, एवढाच त्यांच्या शब्दाचा अर्थ. पाहुण्याची फेरी इंग्रजी. माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारं जहाज, असा तिचा अर्थ. दोन शब्द, दोन जन्म, आणि खाडीच्या काठावर दोघांच्या अंगावर एकच वेष. पुढे मी जसजशी खोलात गेले तसतसं लक्षात आलं, की या इंग्रजी फेरीचं मराठीत एक खरं नातलग आहे आणि ते ‘फेरी’ हे नव्हे. जुन्या इंग्रजीतल्या वाहून नेणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द आला, आणि त्या क्रियापदाचं मूळ ‘पलीकडे जाणे’ या अर्थाचं आहे. त्याच मुळापासून संस्कृतात ‘पार’ झाला, म्हणजे पलीकडचा काठ. आजही आपण नदी पार करतो. बोट पार करते म्हणून ती इंग्रजीत फेरी. चेहरा जुळतो त्या दोघांत नातं नाही, आणि नातं आहे त्या दोघांचा चेहरा जुळत नाही. हे पुस्तक त्या धक्क्यावर सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

नातं आहे हे कशावरून, असं कुणीही विचारावं आणि विचारलंच पाहिजे. संस्कृतातला ‘प’ ज्या जागी असतो त्या जागी इंग्रजीच्या घराण्यात ‘फ’ दिसतो. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, पुन्हापुन्हा. पिता आणि फादर, पाद आणि फुट, पंच आणि फाइव्ह, पूर्ण आणि फुल. ही शिस्त डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडली. त्यापूर्वी, २ फेब्रुवारी १७८६ रोजी, विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं सांगितलं होतं. जोन्सला कुटुंब दिसलं होतं. रास्क आणि ग्रिम यांनी वंशावळ पडताळायची रीत दिली. त्या रीतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: दोन शब्द सारखे दिसतात यावरून काही ठरत नाही, ते एकमेकांपासून ठरावीक पद्धतीने वेगळे आहेत का ते पाहा. पार आणि फेरी वेगळे आहेत, पण पिता आणि फादर जसे वेगळे आहेत तसेच.

या पुस्तकात मी एकदोन अक्षरांचेच शब्द घेतले आहेत. मोठे शब्द सोडले, कारण ते सहसा फसवत नाहीत. ‘नारळ’सारखा शब्द दुसऱ्या भाषेत त्याच अर्थाने सापडला तर तो इथून तिथे किंवा तिथून इथे गेला असणार, हे डोळे मिटून म्हणता येतं. लहान शब्दांचं तसं नाही. समजा एखाद्या भाषेत २० व्यंजनं आणि ५ स्वर आहेत. एका व्यंजनाला एक स्वर जोडून तिच्यात १०० अक्षरं होतात. अशा दोन भाषा समोरासमोर ठेवल्या की जवळजवळ प्रत्येक अक्षर दोघींकडे काहीतरी अर्थ घेऊन बसलेलं सापडणार. दोन अक्षरी शब्दांना १०,००० जागा, तीन अक्षरींना १०,००,०००. जागा वाढतात तसा योगायोग विरळ होतो. म्हणून एकअक्षरी शब्दांत साम्य दिसलं तर आश्चर्य वाटून घेण्याचं कारण नाही. जगात सुमारे ७,००० भाषा आहेत, त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या भाषेत आपला शब्द आपल्याच अर्थाने भेटायचाच.

भेटतोही. ‘का’ घ्या. ‘जाता का?’ असं आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून विचारतो. जपानी माणूस ‘इकिमास् का?’ म्हणतो. अर्थ तोच, जागा तीच, उच्चारही तोच. पहिल्यांदा हे कळलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. पण आपला ‘का’ हा कोण, काय, कुठे, कधी यांच्या कुळातला आहे. लॅटिनमध्ये त्या कुळाचे ‘क्विस’, ‘क्विद’ झाले आणि इंग्रजीत ‘क्व’ घासून ‘ह्व’ होत होत ‘हू’, ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’ झाले. जपानी ‘का’ची जात वेगळी, इतिहास वेगळा. म्हणजे ‘का’ची खरी बहीण ‘व्हॉट’ आहे. ऐकायला हे अन्यायाचं वाटतं, पण पुरावा तिच्याच बाजूने आहे.

याहून मोठा योगायोग ऑस्ट्रेलियात सापडला. १९६० च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ क्वीन्सलंडमध्ये म्बबरम ही लुप्त होत चाललेली भाषा टिपून घेत होते. अल्बर्ट बेनेट या वृद्धांनी त्यांना कुत्र्यासाठी जो शब्द सांगितला तो होता ‘डॉग’. इंग्रजांकडून उचललेला, असंच कुणालाही वाटेल. पण शेजारच्या भाषांत कुत्र्याला ‘गुडगा’ म्हणतात, आणि म्बबरमने आपल्या रीतीप्रमाणे पहिलं अक्षर गाळलं, स्वर बदलले, शेवट कापला, की तिथे ‘डॉग’च उरतो. दोन भाषा पृथ्वीच्या दोन टोकांना आपापल्या वाटेने चालत एका शब्दापाशी येऊन भेटल्या. पर्शियन ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचंही तसंच. आपल्या बदनाम, बदसूर या शब्दांतला ‘बद’ पर्शियनचा. इंग्रजीशी त्याचा काहीएक संबंध नाही.

आमच्याकडे ओटीवर पाहुणा आला की ‘या, या’ म्हणतात. जर्मन माणूस तेवढंच म्हणेल तर तो ‘हो, हो’ म्हणत असेल. रशियन माणसाच्या तोंडी ‘या’ म्हणजे ‘मी’. पर्शियनमधून हिंदीत आलेला ‘या’ म्हणजे ‘किंवा’. अरबीत ‘या’ ही हाक. किंवा ‘गो’ घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बाईमाणसाला ‘काय गो?’ म्हणून हाक मारतात, तिच्यातली माया ‘गं’मध्ये पुरती येत नाही. संस्कृतात ‘गो’ म्हणजे गाय, इंग्रजीत ‘गो’ म्हणजे जा, जपानीत ‘गो’ म्हणजे पाच. यांत कुणाचं कुणाशी नातं नाही. मात्र संस्कृत ‘गो’, इंग्रजी ‘काउ’ आणि पोर्तुगीज ‘बोइ’, म्हणजे बैल, हे तिन्ही एका शब्दाचे वंशज आहेत. तीन भाषांत तीन वेगळी व्यंजनं, आणि तरी गोठा एक.

नात्यांच्या शब्दांना या पुस्तकात वेगळं दालन दिलं आहे, कारण तिथे योगायोग आणि वारसा यांच्याखेरीज तिसरं कारण काम करतं. आई, मामा, बाबा, काका, दादा, नाना हे शब्द बाळाच्या तोंडातून आले आहेत. ओठ मिटून ‘म’ आणि ‘ब’, जीभ दातांना टेकवून ‘द’ आणि ‘न’, आणि मग तोंड उघडून ‘आ’, एवढं जगातल्या कुठल्याही मुलाला आधी जमतं. रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये ‘मामा’ आणि ‘पापा’ या शब्दांवर लिहिलेल्या निबंधात हे सुरेख उलगडलं आहे. मूल आवाज काढतं आणि तो आपल्यालाच उद्देशून आहे असं घरातली मोठी माणसं ठरवतात. म्हणून मराठीत मामा म्हणजे आईचा भाऊ आणि जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे चक्क वडील. बाबा तुर्कीत आणि स्वाहिलीत वडील, तर रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे म्हातारी बाई. मराठीतला दादा थोरला भाऊ, हिंदीतला दादा आजोबा. आपल्याच घरातले अक्का, अण्णा, अप्पा मात्र दक्षिणेकडून, कन्नडच्या शेजारातून आलेले, आणि किती सहज आपले होऊन गेले.

या दालनातली माझी आवडती नोंद ‘आया’ची आहे. ‘आया-बहिणी’ म्हणताना ‘आया’ हे आईचं अनेकवचन. मुलं सांभाळणारी ‘आया’ मात्र पोर्तुगीज. पोर्तुगीजमध्ये ‘आइया’ म्हणजे दाई, आणि तो शब्द लॅटिनमधल्या आजी या अर्थाच्या ‘आविया’पासून आलेला. लॅटिनमधली आजी पोर्तुगीजांच्या घरात दाई झाली, आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरून आपल्या आईच्या अनेकवचनाशेजारी येऊन बसली.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. त्याच्या आधीच, १५०८ च्या अखेरीस, त्यांच्या आल्मैदा या सेनानीने आमचं दाभोळ जाळलं होतं. वेळणेश्वरापासून दाभोळची खाडी काही फार दूर नाही. या किनाऱ्याने त्यांची जाळपोळ पाहिली, आणि त्यांच्या भाषेतले शब्दही उतरवून घेतले. चावी, पगार, घमेलं, फीत, बटाटा, काजू आणि आंब्यांचा राजा हापूस, ज्याच्या नावात कुणी आफोन्सो दडलेला आहे. पण लहान शब्दांत मोठा म्हणजे पाव. लहानपणी मला सांगितलं होतं की पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव. गावोगाव हीच कथा आहे आणि ती चूक आहे. लॅटिन ‘पानिस’चं पोर्तुगीजमध्ये नाकातून उच्चारलं जाणारं ‘पांव’ झालं, त्याचा मराठीत पाव. पुरावा हवा तर हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो तिथे उभं राहावं. पोर्तुगीज ‘लैलांव’चा लिलाव झाला तो याच रीतीने, आणि गोव्यातल्या घरांपुढचं ‘बाल्कांव’ही त्याच साच्यातलं. एकाच शेवटाचे शब्द एकाच रीतीने बदलले, आणि ही शिस्त दिसली की पायांची कथा टिकत नाही.

मराठीत आधीच दोन पाव नांदत होते. पावकिलोतला पाव संस्कृत ‘पाद’चा, म्हणजे चौथा हिस्सा. नवसाला पावतो त्यातला पाव संस्कृत ‘प्राप्’चा. महाशिवरात्रीला वेळणेश्वराची जत्रा भरते तेव्हा देव पावल्याचं सांगणारी बाई, पावशेर खोबरं मागणारी बाई आणि पाव विकणारा मुलगा एकाच रांगेत दिसतात. पोर्तुगीज पुढे पूर्वेकडे गेले, १५४३ मध्ये जपानला पोचले. तिथेही त्यांचा पाव गेला, पण जपान्यांनी नाकातला उच्चार राखला आणि तो ‘पान’ झाला. आज तोक्योत ‘पान’ मागितलं तर पाव मिळतो. म्हणजे जपानी पान हा मराठी पावाचा सख्खा भाऊ, आणि मराठी पानाचा कुणीच नव्हे. मराठी पान संस्कृत ‘पर्ण’चं. आणि प-फची शिस्त आठवत असेल तर त्याचा इंग्रजी भाऊबंद शोधायला फार लांब जावं लागत नाही. कोकणातल्या पऱ्ह्यांच्या काठी पावसाळ्यात ज्याची दाटी होते तो नेचा, इंग्रजीत फर्न. पर्ण आणि फर्न, पार आणि फेरी.

‘नाव’ या शब्दावर मी या पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं खर्च केली आहेत. होडीला कुणी नाव म्हटलं तर ती संस्कृत ‘नौ’ची, लॅटिन ‘नाविस’ची, पोर्तुगीज ‘नाउ’ची नातलग. इंग्रजी ‘नेव्ही’ त्याच गोतातली. माणसाचं नाव मात्र ‘नाम’चं, लॅटिन ‘नोमेन’चं, इंग्रजी ‘नेम’चं. मराठीत ‘म’चा ‘व’ झाला आणि दोघे एकमेकांवर येऊन आदळले. पण आदळताना ‘म’ आपली खूण ठेवून गेला होता. माझ्या आजोबांच्या वहीवर ‘नांव’ लिहिलेलं आहे, डोक्यावर अनुस्वार देऊन. १९६२ मध्ये मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम शासनाने स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तो निर्णय लिहिणाऱ्यांच्या सोयीचा होता हे मला मान्य आहे. तरी तो टिंब पुसला गेल्याचं मला वाईट वाटतं, कारण ‘नाम’चा म त्या टिंबात जिवंत होता. कोकणीत तो अजून ऐकू येतो. गोव्याचा माणूस ‘नांव’ नाकातून म्हणतो तेव्हा हजार दीड हजार वर्षांपूर्वीचा उच्चार त्याच्या नाकात असतो.

काही साम्यं अर्धी खरी असतात, आणि ती सगळ्यांत सुंदर. मराठीत ‘आज’, इटालियनमध्ये ‘ओज्जी’. अर्थ एकच. योगायोग म्हणून सोडून द्यावं असं वाटतं. पण ‘आज’ आला प्राकृत ‘अज्ज’वरून, तो संस्कृत ‘अद्य’वरून, आणि ‘अद्य’ म्हणजे ‘या दिवशी’. इटालियन ‘ओज्जी’ आला लॅटिन ‘होदिए’वरून, आणि त्याचाही अर्थ ‘या दिवशी’. ‘या’साठी दोघांनी वेगवेगळी सर्वनामं घेतली. ‘दिवस’ मात्र दोघांचा एकच, आपल्या दिवस-देव यांच्या कुळातला. आणि ‘द्य’चा ‘ज्ज’ होण्याची वाट दोघांनी स्वतंत्रपणे चालून काढली, एकाने गंगा-गोदावरीच्या काठी, दुसऱ्याने रोमच्या आसपास. याच्या उलट इंग्रजी ‘डे’ लॅटिन ‘दिएस’सारखा दिसतो आणि अर्थही दिवस असाच आहे, पण नातं नाही. आपल्या ‘द’ला इंग्रजीत ‘ट’ मिळतो: दोन-टू, दहा-टेन, दात-टूथ. ‘डे’मधला ‘ड’ तिथे बसत नाही. आपला ‘देव’ इंग्रजीत हवा असेल तर तो ‘ट्यूझडे’च्या ‘ट्यू’मध्ये आहे, जुन्या जर्मन लोकांच्या ‘तीव’ या देवाच्या नावात.

ही वाट माझ्याआधी मोठी माणसं चालून गेली आहेत. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती माझ्या टेबलावरून कधी हलली नाही. कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश रोज उघडला. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी गावांच्या नावांत इतिहास शोधायला शिकवलं. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढे टिकल्या नाहीत, तरी गावाचं नाव हा पुरावा असतो ही दृष्टी त्यांची, आणि तिच्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. कोकणात प्रत्येक गावाच्या नावाची एक गोष्ट असते. ती गोष्ट ऐकावी, लिहून घ्यावी, तिच्यावर माया करावी. पण ती पुरावा म्हणून पुढे करू नये. पावाच्या पायांपासून मी एवढं शिकले.

म्हणून पहिली नोंद ‘वेळ’ची ठेवली, आणि तीच लिहायला सर्वांत अवघड गेली. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे मर्यादा. समुद्राची मर्यादा म्हणून किनारा, किनाऱ्यावर चढणारं पाणी म्हणून भरती, आणि दिवसाची ठरलेली मर्यादा म्हणून काळ. मराठीने त्यातला काळ घेतला. गोव्याच्या कोकणीत वेळ म्हणजे आजही समुद्रकिनारा. मल्याळममध्ये भरतीला ‘वेलियेट्टम्’ म्हणतात. तमिळमधला ‘वेळै’ काळ या अर्थाने संस्कृतातून गेलेला, पण मुरुगनच्या हातातलं ‘वेल’, म्हणजे भाला, निराळंच. आपल्या मांडवावर चढणारी वेल ‘वल्ली’ची, तिचाही इथे संबंध नाही. एक ल आणि एक ळ, एवढ्या अंतरावर इतकी कुळं.

मंडणगडातलं वेळास, गुहागरातलं वेळणेश्वर, गोव्यातलं वेळसांव ही नावं एका माळेत ओवण्याचा मोह मला वर्षानुवर्षं होत आला. तिन्ही गावं समुद्राला लागून. किनाऱ्याचा ईश्वर तो वेळणेश्वर, असं म्हणायला जीभ शिवशिवते. पण मधला ‘ण’ त्या अर्थात बसत नाही. त्याचा हिशेब लागल्याशिवाय माळ पुरी झाली असं मी म्हणणार नाही, आणि पुस्तकातही म्हटलेलं नाही.

त्या नोंदीत एक इंग्रजी शब्द आला आहे, तो इथे सांगते. भरती-ओहोटीला इंग्रजीत ‘टाइड’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ ‘काळ’ असा होता. जर्मनमध्ये त्याचाच ‘त्साइट’ आजही काळ या अर्थाने चालतो. समुद्राकाठी राहणाऱ्या इंग्रजांनी काळाचा शब्द पाण्याला दिला. ‘वेळ’ आणि ‘टाइड’ यांच्यात एकही अक्षर सारखं नाही, रक्ताचं नातंही नाही. पण पाणी कधी चढेल हे पाहूनच ज्यांची होडी सुटायची, त्या दोन्हीकडच्या माणसांना काळ आणि भरती एका शब्दात मावली. तवसाळच्या धक्क्यावर बसलेल्या आजींना त्या दिवशी पुढची बोट का थांबली आहे असं मी विचारलं होतं. त्या खाडीकडे बघत म्हणाल्या, ‘‘पाणी चढूदे गो जरा.’’

वेळणेश्वर, ता. गुहागर
पौष पौर्णिमा